‘ओ’वरची रेघ

सन्माननीय अध्यक्ष, जे नात्यानं माझे थोरले दीर आहेत, व्यासपीठावरचे पाहुणे, पहिल्या रांगेतल्या जाऊबाई, सहकारी, आणि ‘मॅडम, हे परीक्षेला येणार का’ एवढंच विचारत आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

माइक इथेच आणून दिलात, म्हणून जागेवरूनच बोलते. आत्ताच अध्यक्षांनी जाहीर केलं, की मी निवृत्त होत असले तरी सोमवारपासून सकाळचा स्पॅनिशचा वर्ग माझाच. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला कुणी विचारलं होतं का? हे आपलं सहज.

भाऊजींनी पुरावाही दिला. मागच्या फलकावर माझ्या फोटोखाली स्पॅनिशमध्ये ‘यांनी इथे काम केलं’ असं लिहायचं होतं. ‘त्राबाहोऽ’, जोर शेवटच्या ‘ओ’वर, आणि त्याच्या डोक्यावर एक तिरपी रेघ. छापणाऱ्याला तो डाग वाटला. बिचाऱ्यानं साफ केला. उरलं ‘त्राबाऽहो’, म्हणजे ‘मी काम करते’. भाऊजी म्हणाले, ‘बघा, फलकच सांगतोय, या कुठे जातायत?’ हसू मलाही आलं.

तसं ‘त्राबाहार’, म्हणजे काम करणं, हे क्रियापद अगदी नियमित. शेवटचं ‘आर’ काढा, भूतकाळाचा प्रत्यय लावा, झालं. मुलं घोटाळतात ती ‘आम्ही’पाशी. ‘त्राबाहामोस’ म्हणजे आम्ही काम करतो, आणि आम्ही काम केलं, तेही ‘त्राबाहामोस’च. हे वर्ग आमच्या घरचेच, तिथेही तेच झालं. ‘आम्ही वर्ग चालवतो’ असं सगळे म्हणायचे, त्या ‘आम्ही’त मी कधी धरली गेले, कळलंच नाही. आणि त्यातून भूतकाळात जायची सोयच नाही. जाऊबाई, तुम्ही मान हलवताय, म्हणजे तुम्हीही त्यातच.

माझी ताई एकटी राहते. दर फोनला विचारते, ‘कधी येतेस?’ मी म्हणते, ‘ही परीक्षा होऊ दे.’ परीक्षा काय, संपतात होय? आज ती खाली गाडीत बसलीय, माझ्या बॅगा घेऊन. वर यायला तयार नाही. म्हणाली, ‘मी वर आले तर मलाही एखादा वर्ग देतील.’

तुम्ही भरभरून प्रेम दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. चूक फक्त एकच राहू देणार नाही. मार्कर पर्समध्ये आहे. पण फलक भाऊजींच्या पलीकडे, आणि मला बसवलंय टेबल आणि भिंतीच्या मध्ये.

भाऊजी, जरा उठता का? ती रेघ मारायचीय, आणि दारही तिकडेच आहे.