कुंपणापलीकडचं घमेलं

दवाखान्यातून बायको गेल्याचा निरोप आला, त्या दिवसापासून म्हातारबांनी दुकानाची पायरी चढली नव्हती. आज ते बल्ब घ्यायला आले, तर पुढे एक जोडपं खिडक्यांसाठी जाळी घेत होतं.

“दादा, बारीक जाळी द्या. काल मुंगूस थेट न्हाणीघरात!”

“आणि माकडं टाकीचं झाकण काढून पाणी पितात. निसर्गाच्या कुशीत राहायचं होतं ना तुला?”

“कुशीत म्हटलं होतं, न्हाणीघरात नव्हे!”

“मागच्या उन्हाळ्यात नव्हता हा ताप.”

“अहो, तेव्हा कुंपणापलीकडची बाई घमेल्यात पाणी ठेवायची. सगळे तिकडेच जायचे.”

“मग आता?”

“ती वारली म्हणे. नवरा काही ठेवत नाही.”

“काय माणूस आहे! मुक्या जिवांना घोटभर पाणी द्यायला काय जातं?”

“मग आपण ठेवायचं का?”

“वेड लागलंय? चटावतील ते. दादा, जाळी दुहेरी द्या.”

दुकानदाराने म्हातारबांकडे पाहिलं आणि मान खाली घालून जाळी कापली.

म्हातारबा बल्ब न घेताच घरी आले. दवाखान्यात जाताना तिने घासून पालथं घातलेलं घमेलं परसात तसंच होतं. ते सुलटं करून भरायचं अजून राहिलं होतं.