रॅपच्या प्रॅक्टिकलमधली वांग्याची भाजी

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात रॅप शिकवतात म्हटलं तर कोणी मानत नाही. प्रॅक्टिकलले समोरच्याची यमकात टिंगल करा लागते. माझा जोडीदार आलाच नाही. परीक्षक शहापूरचे सर, ओळखीचे. म्हणाले, "मंग माझीच कर."

मी पहिले पाया पडलो, मंग सुरू झालो. सरचं पोट, टक्कल, स्कूटर, काही सोडलं नाही. सर मान हलवून मार्क देऊन राहिले होते. शेवटी म्हटलं, तुमच्या पोरीच्या लग्नात वांग्याची भाजी अळणी होती.

सरनं पेन खाली ठेवला. "अळणी? मंग तीनदा कायले घेतली?" बाजूच्या विभागप्रमुख मॅडमले म्हणाले, "तुम्ही होत्या ना लग्नात? सांगा याले."

मॅडमनं बराच वेळ पंख्याकडे पाहिलं. मंग हळूच म्हणाल्या, "सर, पोट्ट्याले पूर्ण मार्क द्या."