बांधावरच्या आंब्याला पाडलेल्या सात भोकांबाबत

मी, नवसाबाई भ्रतार केरू बोराडे, वय अदमासे पासष्ट (थोरल्या दुष्काळात पाच वर्षांची होते, त्यावरून मोजावे), धंदा शेती, राहणार लष्करी कॅम्पच्या रस्त्यालगतचा मळा, तालुका नाशिक, आज ता. १२ ऑक्टोबर १९३६ रोजी ठाण्यात समक्ष येऊन सांगते, की –

माझ्या बांधावर एक आंबा आहे. निम्मे आंबे माझे, निम्मे माझ्या चुलत दिराचा मुलगा पुंजा याचे. झाड माझ्या नवऱ्याने लावले. त्यास एकतीस वर्षे झाली. नवऱ्यास जाऊन तीस.

यंदा पावसाळा सरल्यावर खोडातून भुसा गळू लागला व एक फांदी वाळली. भिरूड लागला, म्हणजे आत बोटाएवढी अळी लाकूड खाते. मी पुंजास दाखवले. तो म्हणाला, "काकू, झाड म्हातारं झालं. तोडू, फळ्या निघतील." मी म्हणाले, "म्हातारं म्हणून तोडायचं तर आधी मला तोड. फळ्या नाय निघायच्या, जळण होईल."

मग मी खलील इब्राहिम सुतार यास बोलावले. तो कॅम्पात एका साहेबाच्या बागेत काम करताना हे शिकला. आज सकाळी आठच्या सुमारास त्याने गिरमिटाने खोडात तिरपी भोके पाडली. सायकलला तेल देण्याच्या लांब चोचीच्या बुधलीने आत पेट्रोल सोडले, कापूस कोंबला आणि शेणमातीने तोंड लिंपले. आत वाफ कोंडते व अळी मरते. लिंपण आठ दिवस उघडायचे नाही. पहिल्या भोकातून तारेने एक अळी जिवंत निघाली.

सहा भोके भरली. सातवे पाडले, तोच पुंजा शिपायास घेऊन आला. खोडात हिंग भरला की झाड वाळते, असे लोक म्हणतात. खलील हिंग भरून झाड मारतो आहे, अशी वर्दी पुंजाने दिली होती. एवढा हिंग झाडात घालायला मी राजाची राणी नव्हे. पुंजाच्या घरच्या वरणाने तर त्याचा वासही घेतलेला नाही.

शिपाई म्हणाला, "आजी, बाजूला व्हा. लिंपण काढून बघावं लागंल." उघडले असते तर वाफ गेली असती, झाडही गेले असते. मी खोडाला पाठ लावून बसले. मला उठवणे त्यास जमले नाही. त्याने खलील, गिरमिट आणि बुधली ठाण्यात नेली. सातवे भोक उघडे राहिले. मी त्यात पदर फाडून कोंबला व मागोमाग चालत आले.

अळी मिसरीच्या डबीत आणली होती. फौजदारसाहेबांनी पाहिली व डबी लावून घेण्यास सांगितले. बुधलीचा वासही घेतला, तो पेट्रोलचाच होता. साहेबांनी विचारले, झाड मेले तर? मी सांगितले, गुन्हा माझ्या नावावर लिहा, खलीलच्या नको. मला चहा दिला. गोड होता.

पुंजासही अळी दाखवली. तो म्हणाला, "काकू, मला काय ठावं? गिरमिट दिसलं, म्हणून आलो."

मी म्हणाले, "सांगायला ठाण्यापर्यंत दीड कोस आलास. इचारायला बांध नाय ओलांडवला?"

त्याने वर्दी मागे घेतली आहे. माझी त्याच्यावर तक्रार नाही. आंबे आले तर निम्मे त्याचेच.

जमादारांनी सगळे मोठ्याने वाचले, मी ऐकले. एके जागी 'विष' लिहिले होते, तिथे 'औषध' करवून घेतले. बाकी माझ्या तोंडचे आहे, म्हणून डावा अंगठा उठवला. खलीलला सोडले, हत्यारेही दिली. सातवे भोक दिवस मावळायच्या आत भरायचे आहे. शेणमाती कालवायला पुंजा येतो आहे.