घाट उतरताना

जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याची जीप भरायची वाट बघत प्रतिक्षा आत बसून होती. जीपवाल्या तुळशीदासकाकांची नजर मात्र शेजारी मोखाड्याच्याच फेरीला लागलेल्या नवशाच्या कोऱ्या इलेक्ट्रिक गाडीवरून हलत नव्हती.

“बॅटरी कुठली रे, नवशा?”

“चीनची, काका. गाडी जुळवतात इकडेच.”

“म्हणजे बिघडली की चीनला ढकलत नेणार? माझ्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा खोडाळ्याच्या बाजारातपण मिळतो.”

“तुमचा रोज तुटतो, म्हणून तर ठेवतात!”

“कंपनी मोजक्याच गाड्या काढते म्हणे.”

“म्हणूनच तालुक्यात पहिली माझी आली.”

“मिरवू नको. घाटात बॅटरी संपली तर?”

“चढताना खाते, पण उतरताना थोडी परत भरते.”

“थापा! मिसरूड फुटल्यापासून घाट उतरतोय, माझी टाकी कधी थेंबभर वाढली नाही.”

“चार्जिंगचा आकडा वाढताना समोर पडद्यावर दिसतो, काका.”

जीपमधल्या दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन गुपचूप उतरल्या आणि नवशाच्या गाडीत जाऊन बसल्या. प्रतिक्षानेही दप्तर उचललं.

“तूपण चाललीस का गं?”

“काका, मला नुसता तो आकडा बघायचाय.”

“मग मागं बस.” काकांनी जीपला कुलूप घातलं. “पुढं मी बसणार.”