लाईट गेली तरी

बोईसर स्टँडवर दांडीच्या एसटीला उशीर होता, त्यामुळे रांगेत पुढे उभ्या दोन मासळीवाल्या बायकांचं बोलणं ऐकायला मला आयतंच कारण मिळालं.

“हंसे, तुझी कुंदा कारखान्यात कॉम्प्युटरवर करते काय?”

“कुठला कपडा कधी रंगवायचा, त्याची वेळापत्रकं. ढीगभर बनवते, प्रत्येकात मधेच खोटी खोटी लाईट घालवून बघते. बुडतील ती फेकते. तरतील त्यांची आपसात लग्नं लावते, अर्धं याचं अर्धं त्याचं जोडून, मग त्यांची पोरं तपासते.”

“कागदांची लग्नं लावते, नि सोताचं?”

“ते राहू दे, मंजुळे. आज पयल्यांदा तिच्या वेळापत्रकावर कारखाना चाललाय. माल बिघडला तर नोकरी जाईल. नि दुपारीच लाईट गेली.”

“ती बघ, आलीच.”

“कुंदे, माल?”

“कापडाचा एकही ताका बिघडला नाय, आये. दोनदा लाईट गेली तरी.”

“नि तुझा सायेब? तुझ्या वेळापत्रकाला हसत होता ना?”

“म्हणत होता, याच्यापेक्षा झटपट काम उरकणारं वेळापत्रक मी हातानं बनवतो. पण त्याचं लाईट असली तरच चालतं. आता म्हणाला, उद्याचंही दे.”

“मग?”

“दिलं.”

“लगेच? जरा ताटकळत ठेवायचं होतंस त्याला.”