चाळीस कुंड्या

बेटावर जाणाऱ्या लाँचमध्ये चढण्याआधी प्रत्येकाला बुटांचे तळवे ब्रशने घासावे लागत, कारण बाहेरचं बी किंवा किडा तिकडे जाता कामा नये. शिक्षिका बाई वाकून घासत होत्या आणि पहारेकरी व त्याचा लाँचवाला मेहुणा त्यांच्या डोक्यावरून बोलत होते.

"भाऊजी, आता कशाला लोकांना वाकायला लावता?"

"नियम आहे."

"त्या मुंग्या काय बूट घालून आल्या होत्या?"

"कुंड्यांतून आल्या. तुझ्याच लाँचमधून."

"मी नेल्या, पण सोडल्या तुम्ही. चांगल्या चाळीस कुंड्या, मातीसकट."

"अडवल्या होत्या रे. साहेब म्हणाले, पक्षी बचाव केंद्राचं उद्घाटन आहे, ओकंबोकं दिसायला नको."

"मग?"

"मग काय, केली सही. साहेबांचे बूट मात्र घासून घेतले."

"वा. आणि आता साहेबांनी हात वर केले असतील."

"त्यांची बदली झाली. बढतीवर."

"बेटावरच्या पक्ष्यांची पिल्लं सगळीच गेली?"

"जमिनीवरचं घरटं ते. अंड्याला चीर पडली की मुंग्या आत शिरतात. पिल्लू बाहेर येतच नाही."

"आणि आईबाप?"

"बसून राहायचे तसेच अंड्यांवर. मुंग्यांनी त्यांनाही सोडलं नाही. उडता येत नाही, जाणार कुठे?"

"यंदा मोजले किती?"

"एक."

"कुठे दिसला?"

"केंद्राच्या पाटीवर. रंग अजून चांगला आहे."

मेहुणा लाँचचा दोर सोडायला वळला. बाई ब्रश ठेवून घाईघाईने पुढे निघाल्या.

"बाई," पहारेकरी म्हणाला, "डावा राहिला तुमचा."