चौकातली छत्री

मी फारशी बोलत नाही, पण एकदा माझ्या वहीनेच भलताच घोळ घातला. नाशिक रोडला आमच्या शाळेसमोर लाल सिग्नलला कुणी थांबायचंच नाही, त्यामुळे आम्हाला रस्ता ओलांडायची भीती वाटायची. शाळेच्या प्रकल्पासाठी मी पंधरा दिवस रोज नोंदी केल्या. हवालदारकाका चौकात उभे असले की गाड्या थांबायच्या आणि ते झाडामागे गेले की सुसाट सुटायच्या.

बाईंनी ती वही शाळेत आलेल्या पोलीस साहेबांच्या हातात दिली. काका साहेबांच्या शेजारीच उभे! मी हळूच बाईंच्या मागे सरकले.

"काय हो, झाडामागे लपून गाड्या पकडता का?" साहेबांनी विचारलं.

"पकडतोय कुठला, साहेब! ऊन किती लागतं!"

साहेब हसले. "पोरीने पुरावाच दिलाय. उद्यापासून चौकातच उभं राहायचं. मी मोठी छत्री पाठवतो."

छत्री आली. आता लाल सिग्नलला सगळे थांबतात आणि आम्ही आरामात पलीकडे जातो. काका मात्र दुपारभर दुचाकीवाल्यांवर ओरडत असतात, "अहो, हिरवा झाला! निघा आता माझ्या छत्रीखालून!"